कुत्र्याचा उघडा पिंजरा : स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण

गोठ्याची स्वच्छता, कोंबड्यांच्या शेडचे निर्जंतुकीकरण, दूध काढण्याआधी कास धुणे या विषयांवर आपण पुष्कळ वाचले असेल. पण घराच्या मागे किंवा मळ्यावर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या राखणीच्या कुत्र्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाकरीचा तुकडा टाकला, पाण्याचे भगुले भरले आणि वास यायला लागला की एक बादली पाणी मारले, एवढ्यावर काम भागते असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखक पशुवैद्य नाही, शेतीशास्त्र शिकवणारा आहे. तरीही हा विषय हाती घ्यावा लागला, त्यामागे एक प्रसंग आहे आणि त्यात चूक माझी होती.

नवी मुंबईतील कोपरखैरणे गावठाणात आमच्या नात्यातील एक कुटुंब राहते. आपल्यापैकी जे भाजीपाला किंवा कांदा-बटाटा घेऊन वाशीच्या बाजार समितीत येतात त्यांना हा भाग माहीत असेल. ठाणे खाडीच्या काठी आगरी-कोळ्यांची ही जुनी वस्ती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पुढे भातशेती, खाजणे आणि मिठागरे संपादनात गेली, आणि गावठाणाला चारही बाजूंनी शहराचे सेक्टर येऊन भिडले. या कुटुंबाची पेण तालुक्यात थोडी जमीन आहे. तिथल्या राखणीसाठी त्यांनी एक पिल्लू आणले आणि मोठे होईपर्यंत घरामागच्या दहा फूट लांब, सहा फूट रुंद पिंजऱ्यात ठेवले. अडीच महिन्यांचे होताच पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली व चौथ्या दिवशी ते दगावले. पिंजरा कशाने धुवावा, असे मला फोनवर विचारले. मी विचार न करता सांगितले, "चांगले काळे फिनाईल टाका." त्यांनी भरपूर फिनाईल टाकले. वीस दिवसांनी दुसरे पिल्लू आणले. ते नवव्या दिवशी त्याच आजाराने गेले. पशुवैद्यांनी निदान केले पार्व्होचे. घरातल्या शाळकरी मुलाने मला विचारले, "काका, फिनाईलने जंतू मरतात ना?" त्या प्रश्नाचे नीट उत्तर मला शोधावे लागले. तेच पुढे दिले आहे.

जंतू आणि औषध यांची जोडी

करपा आला म्हणून कीटकनाशक फवारून उपयोग नाही आणि तुडतुड्यांवर बुरशीनाशक चालत नाही, हे आपणास नव्याने सांगायला नको. जंतुनाशकांचेही तसेच आहे. गोठ्यात लाळ्या-खुरकुताची साथ असताना आपण धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण वापरतो. त्या विषाणूसाठी ते योग्य आहे. पार्व्होच्या विषाणूवर मात्र सोड्याचा भरवसा धरता येत नाही.

पार्व्हो विषाणू १९७८ साली कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. याच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे आवरण नसते. साबण, फिनाईल आणि दवाखान्यात वापरली जाणारी बेन्झाल्कोनियम क्लोराईडसारखी द्रावणे मुख्यतः अशा आवरणावर हल्ला करतात. आवरणच नसेल तर ती निष्प्रभ ठरतात. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून हा विषाणू अतोनात संख्येने बाहेर पडतो, आणि लक्षणे दिसण्याआधीपासूनच पडू लागतो. मातीत, फटीत, लाकडाच्या चिरेत तो महिनोन्महिने जिवंत राहतो. सावलीची जागा असेल तर सुमारे सात महिने आणि चांगले ऊन लागणारी असेल तर सुमारे पाच महिने दूषित समजावी, असा ढोबळ आडाखा आहे. कोपरखैरण्याच्या दुसऱ्या पिल्लाला वीस दिवसांचाच अवधी मिळाला होता.

पार्व्हो माणसाला किंवा गाई-म्हशींना होत नाही. पण पिंजऱ्यातले इतर काही रोग मात्र थेट आपल्या घरात आणि गोठ्यात येतात. त्यांपैकी लेप्टोस्पायरोसिस हा कोकणासाठी फार महत्त्वाचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ आली, हे अनेकांना आठवत असेल. उंदीर, कुत्रे आणि गुरे यांच्या लघवीतून हे जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात जातात, तिथे काही आठवडे तग धरतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून माणसाच्या अंगात शिरतात. भातलावणी करणाऱ्यांना याचा धोका असतो तसाच तो अनवाणी पायांनी पिंजरा धुणाऱ्यालाही असतो. समाधानाची गोष्ट अशी की हा जंतू नाजूक आहे. ऊन, कोरडेपणा, खारट पाणी, साधे फिनाईल, ब्लीचिंग यांपैकी कशानेही तो मरतो. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत उन्हाळ्यात तो टिकत नाही. पावसाळ्यात गोडे पाणी साचले की परिस्थिती बदलते.

तिसरा गट जंतांचा. अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून पडतात आणि ओल, सावली व उबदारपणा मिळाला तर आठवड्याभरात त्यांतून अळ्या तयार होतात. या अळ्या माणसाच्या कातडीत शिरल्या तर खाजरे, नागमोडी वळ उठतात. गोलकृमीची अंडी त्याहून चिवट. ती मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि ब्लीचिंगनेही मरत नाहीत. लहान मुलांनी मातीचे हात तोंडात घातले तर त्यांच्या पोटात जातात. मात्र ताज्या विष्ठेतले गोलकृमीचे अंडे रोगकारक नसते. तसे व्हायला त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणूनच रोजच्या रोज विष्ठा उचलणे हा या जंतावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

चौथी गोष्ट खास गाई-म्हशी पाळणाऱ्यांसाठी. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारा निओस्पोरा नावाचा सूक्ष्म परजीवी चाऱ्यावाटे गाईच्या पोटात गेला तर ती गाभडू शकते, बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास. आपल्याकडे पेंढ्याची उडवी आणि कुत्र्याची जागा शेजारी-शेजारी असते. कुत्र्याला उडवीवर झोपायला आवडते आणि आपणही त्याला कौतुकाने झोपू देतो. हे थांबवावे. गाय व्याल्यानंतर पडलेली वार आणि गाभडलेले वासरू कुत्र्याला खाऊ न देता खोल पुरावे, कारण या परजीवीचे चक्र तिथूनच पुन्हा सुरू होते. बकरा कापल्यावर कच्ची आतडी-फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकण्याची रीतही सोडावी. त्यातून हायडॅटिड नावाचा पाण्याच्या गाठींचा रोग माणसापर्यंत पोचतो.

आधी साफसफाई, मग औषध

निर्जंतुकीकरणात बहुतेकांची चूक इथेच होते. घाणीवर औषध ओतले की औषध घाणीशीच लढून संपते. क्लोरीन हा सेंद्रिय पदार्थाशी लगेच संयोग पावतो. विष्ठा, केस, सांडलेले अन्न आणि माती हे सर्व त्याच्या दृष्टीने सारखेच. शेणखताने भरलेल्या वाफ्यावर ब्लीचिंगचे पाणी ओतले तर त्यातील क्लोरीन किती उरेल याची कल्पना आपण करू शकता. मातीच्या तळाच्या पिंजऱ्यात नेमके हेच घडते. म्हणून मातीच्या जमिनीवर ब्लीचिंगचे द्रावण ओतणे हा बहुतांशी पैशाचा अपव्यय आहे, मग त्याचा वास कितीही झणझणीत येवो.

पिंजऱ्याचा तळ सिमेंटचा किंवा शहाबादी फरशीचा आहे असे धरून क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम कुत्रा बाहेर काढून दूर बांधावा. भांडी, गोणपाट, लाकडी फळी असे सर्व सामान बाहेर घ्यावे. कोरडी विष्ठा व केस फावड्याने खरवडून घमेल्यात घ्यावेत. आधी पाणी मारू नये, नाहीतर घट्ट घाण पातळ होऊन फटीत शिरते. त्यानंतर धुण्याची पावडर टाकलेल्या पाण्याने तळ, जाळीचा खालचा दोन फुटांचा भाग आणि कोपरे खराट्याने व ताठ ब्रशने घासावेत. भरपूर साध्या पाण्याने सर्व धुऊन काढावे. लघवीचा अंश राहू देऊ नये. लघवीतील अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की डोळे व घसा झोंबणारा वायू तयार होतो. साचलेले पाणी खराट्याने लोटून द्यावे, कारण साचलेल्या पाण्याने औषध पातळ होते.

धुताना पंपाच्या जोरदार फवाऱ्याचा मोह टाळावा. गाडी धुण्याच्या यंत्राने काम लवकर होते हे खरे, पण लघवीचे तुषार उडून डोळ्यांत व तोंडात जातात आणि लेप्टोच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे. पायात गमबूट, हातात रबरी मोजे असावेत आणि हातापायाला जखम असलेल्याने हे काम त्या दिवशी करू नये. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्याकडे हे काम देऊ नये.

ब्लीचिंग पावडर : प्रमाण आणि पद्धत

पार्व्होवर खात्रीने चालणारे आणि गावात सहज मिळणारे औषध म्हणजे क्लोरीन. ते आपल्याला ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराईटचे द्रावण या रूपांत मिळते. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये ३० ते ३५ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पण उघड्या पोत्यातील पावडर कोकणच्या दमट हवेत भराभर निकामी होते. पावडर ओलसर, गोळे झालेली असेल आणि नाकाला झोंबत नसेल तर ती औषध म्हणून घेऊ नये. लहान पुडा घ्यावा, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी आणि खते व कीटकनाशके यांच्यापासून वेगळा ठेवावा.

१० लिटरच्या प्लॅस्टिक बादलीला १०० ग्रॅम पावडर घ्यावी. आधी थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग उरलेले पाणी घालून ढवळावे आणि अर्धा तास निवळू द्यावे. तळाशी चुन्याचा गाळ बसतो. वरची निवळी वापरावी. पावडर ताजी असेल तर यात सुमारे ०.३ टक्के आणि थोडी जुनी असेल तर ०.२ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन उतरतो. दोन्ही पुरेसे आहेत. बाजारात ४ ते ५ टक्क्यांचे हायपोक्लोराईटचे द्रावण मिळते. ते वापरायचे तर १० लिटर पाण्याला ३०० ते ३५० मिलिलिटर पुरते. दहा बाय सहा फुटांच्या पिंजऱ्याचा तळ आणि भोवतालचा दोन फूट उंचीचा भाग मिळून सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास होतो. त्याला एक बादली जेमतेम पुरते. दोन कराव्यात.

द्रावण त्या दिवशी करून त्याच दिवशी संपवावे. जागा किमान दहा मिनिटे ओली राहिली पाहिजे, ही अट फार महत्त्वाची. भर दुपारी टाकले तर फरशी दोन मिनिटांत वाळते आणि उन्हाने क्लोरीनही उडून जातो. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर हे काम करावे. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन मग पिंजरा उन्हात पूर्ण वाळू द्यावा. ऊन हवे, पण ते औषधानंतर. कुत्र्याला वास जाईपर्यंत आणि तळ कोरडा होईपर्यंत आत सोडू नये, नाहीतर त्याचे पंजे भाजतात आणि पंजे चाटल्याने तोंडही येते.

हे द्रावण टाकण्यासाठी झाडांना पाणी घालायची प्लॅस्टिकची झारी उत्तम. पाठीवरचा फवारणी पंप वापरण्याची आपल्याला सवय आहे, पण दोन कारणांनी तो नको. क्लोरीनने पंपाचे धातूचे भाग गंजतात. शिवाय त्याच पंपाने आधी तणनाशक मारलेले असते आणि त्याचा अंश कुत्र्याच्या अंगावर जातो. उलटही तितकेच खरे.

एक सक्त सूचना. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे ॲसिड, व्हिनेगर किंवा फिनाईल कधीही मिसळू नये. ॲसिडबरोबर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंदिस्त जागेत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

ज्यांना क्लोरीनचा वास सोसत नाही त्यांच्यासाठी पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेट असलेली भुकटी मिळते. कुक्कुटपालक ती ओळखतात. लिटरला १० ग्रॅम याप्रमाणे ती पार्व्होवरही चालते. किंमत जास्त आहे. फॉर्मेलिन मात्र घरामागच्या पिंजऱ्यात वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते परिणामकारक आहे यात शंका नाही, पण त्याची वाफ माणसाला घातक असून ते कर्करोगकारक ठरलेले आहे.

आणि फिनाईल? ते अगदीच टाकाऊ नाही. नेहमीच्या जिवाणूंवर आणि लेप्टोवर काळे फिनाईल चालते. पण ते पार्व्होसाठी नाही, आणि घरात मांजर असेल तर ते वापरूच नये. मांजराचे यकृत हे विष पचवू शकत नाही, आणि मांजर पिंजऱ्याच्या फरशीवरून चालत जाऊन पाय चाटतेच.

चुन्याविषयी गैरसमज

चुना टाकला की जागा शुद्ध झाली, ही समजूत खेड्यापाड्यांत पक्की आहे. तीत तथ्य आहे, पण अर्धेच. भट्टीतून आलेली ताजी कळी पाण्यात विरली की जो चुना तयार होतो त्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो, आणि इतक्या तीव्र अल्कतेत बहुतेक जंतू टिकत नाहीत. पण हाच चुना हवेत उघडा पडला की हवेतील कार्बन डायऑक्साईड शोषून पुन्हा चुनखडी बनतो. गोणीत महिनोन्महिने पडून असलेली फक्की रंगाने पांढरी दिसते, गुणाने मेलेली असते. आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी आपण जी चुनखडीची पूड किंवा डोलोमाईट शेतात टाकतो ती तर जंतुनाशक नाहीच. काही शेतकरी तीच पिंजऱ्यात पसरतात. त्याने जागा पांढरी होते, एवढेच.

कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करीत. कळी मिळाल्यास ती पाण्यात थोडी थोडी टाकून विरवावी, कळीवर पाणी ओतू नये. उकळी फुटून शिंतोडे डोळ्यांत जाण्याची भीती असते. १ किलो ताज्या चुन्याला ५ लिटर पाणी घेऊन केलेली सफेदी पिंजऱ्याच्या भिंतींना वर्षातून दोनदा द्यावी. भिंतीतील बारीक फटी त्याने बुजतात, हा दुसरा लाभ. जमिनीवर मात्र कोरडी फक्की टाकून कुत्रा आत सोडू नये. ओल्या पंजांना आणि नाकाला ती भाजते. चुना आणि ब्लीचिंग एकाच दिवशी वापरू नये. चुन्याने सामू वाढला की क्लोरीनची ताकद घटते. एकमेकांना मदत होईल असे वाटून लोक दोन्ही घालतात आणि दोन्हींचा परिणाम गमावतात.

मातीचा तळ असेल तर

कोपरखैरण्याच्या त्या पिंजऱ्याचा तळ मातीचाच होता. खाडीकाठची चिकण काळसर माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पाणी न सोडणारी. फिनाईल तिच्या वरच्या बोटभर थरात अडकून राहिले. अशा जमिनीला मुळात औषध लागू पडत नाही. तेव्हा मातीचे काय करायचे, हा प्रश्न कृषिविद्येचा झाला.

पहिला मार्ग माती बदलण्याचा. वरची अर्धा फूट माती खणून काढावी, ती दूर, भाजीपाल्याच्या व विहिरीच्या जवळ नसलेल्या जागी पुरावी आणि तिथे मुरूम भरून चोपावा. दूषित माती उचलून बागेत पसरणे म्हणजे रोग हलवणे होय.

दुसरा मार्ग रोपवाटिकेत आपण करतो तो, म्हणजे जमीन तापवण्याचा. एप्रिल-मे महिन्यांत तळ मोकळा करून, भिजवून, त्यावर २५ ते ५० मायक्रॉन जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक अंथरावे. कडा मातीत गाडून हवाबंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लॅस्टिक नको, पारदर्शकच हवे. वरच्या दोन इंचांत तापमान ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. त्यात अंकुशकृमीच्या अळ्या व अंडी मरतात, लेप्टो तर टिकतच नाही. पार्व्होबद्दल मात्र इतकी खात्री देता येत नाही, कारण तो विषाणू या तापमानाला दाद देत नाही. जिथे पार्व्होने पिल्लू मेले आहे तिथे प्लॅस्टिकवर विसंबून न राहता माती बदलावी किंवा तळ पक्का करावा.

अळ्या मारण्यासाठी दोन चौरस मीटरला १ किलो टाकणखार पसरावा, अशी शिफारस पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आढळते. टाकणखार म्हणजे बोरॉन. हिशेब मांडला तर हे प्रमाण हेक्टरी ५,००० किलो होते. भुईमुगाला आपण हेक्टरी ५ ते १० किलो बोरॅक्स देतो आणि त्यापुढे गेलो तर पाने करपतात. पिंजऱ्याभोवती नारळ, आंबा किंवा अळूचा वाफा असेल तर हा उपाय करू नये. पावसाबरोबर बोरॉन मुळांपर्यंत पोचतो आणि मग त्याला काढून टाकणे आपल्या हाती राहत नाही.

पक्का तळ करताना उतार विसरू नये. चाळीस फुटांना एक फूट हे प्रमाण धरले तर दहा फुटी पिंजऱ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन इंच उतार लागतो. गवंडी बहुधा एक इंच देतो आणि "पाणी जाईल" म्हणतो. बादलीभर पाणी ओतून, ते कुठे थांबते हे पाहूनच त्याची मजुरी चुकती करावी. जांभ्या दगडाची फरसबंदी दिसायला छान, पण दगड सच्छिद्र असल्याने घाण पितो. वर सिमेंटचा गुळगुळीत थर दिल्याशिवाय ती धुता येत नाही.

धुतलेले पाणी कुठे जाते?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. पिंजऱ्याचे पाणी गुरांच्या हौदाकडे, विहिरीकडे, गवताच्या पट्ट्यात किंवा पालेभाजीच्या वाफ्यात जाता कामा नये. मळ्यावर शोषखड्डा करावा, विहिरीपासून किमान ५० फूट दूर. कोपरखैरण्यासारख्या खाडीलगतच्या जागी पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्डा उलट भरतो. तिथे मलनि:सारण वाहिनीला जोडणी घेणे हाच मार्ग आहे. पावसाच्या पाण्याचे गटार त्यासाठी वापरू नये, ते सरळ खाडीत जाते. घरच्या सेप्टिक टाकीत रोज ब्लीचिंगचे पाणी सोडले तर टाकीतील उपयुक्त जिवाणू मरतात. आठवड्याला एकदा चालेल, रोज नको.

गोळा केलेली विष्ठा एक फूट खोल पुरावी. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. खड्डा नीट तापला तर जंत मरतात, पण आपल्या घरच्या खड्ड्याची कडा क्वचितच तापते, आणि ते खत जर कोथिंबिरीला जाणार असेल तर धोका पत्करू नये.

गोचीड आणि उंदीर

कुत्र्याचा तपकिरी गोचीड जमिनीवर कमी आणि भिंतीच्या फटीत जास्त राहतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून उतरते, भिंत चढते आणि सांदीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला कितीही औषध लावले तरी पंधरवड्याने गोचीड परत दिसतात आणि आपण औषधाला दोष देतो. फटी सिमेंटने बुजवाव्यात. लोखंडी जाळी व सिमेंटच्या तळावरून, आसपास पेंढा नाही याची खात्री करून, ज्योतीचा बंब फिरवल्यास अंडी जळतात, आणि ब्लीचिंगला न जुमानणारी जंतांची अंडीही. गोचीडनाशक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि फटींतील उपचार दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावा, कारण मधल्या काळात उरलेली अंडी फुटतात. शेतात उरलेले कीटकनाशक पिंजऱ्यात मारणे हा शुद्ध अविचार आहे. असे करून कुत्रे दगावल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात.

उंदीर येतात ते रात्री ताटलीत उरलेल्या भातासाठी. अर्ध्या तासाने उरलेले अन्न उचलावे. पाण्याचे भांडे रोज रिकामे करून घासावे व आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्याने धुवावे. उकळत्या पाण्याने पार्व्होही मरतो. गोणपाट आठवड्याला उकळून उन्हात घालावे, आणि रोगी कुत्र्याचे असेल तर जाळून टाकावे.

केव्हा काय करावे

रोज सकाळी विष्ठा उचलणे आणि भांडी घासणे. आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन ब्लीचिंग. पावसाळ्यात मात्र उघड्यावर टाकलेले औषध पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. तेव्हा छपराखालच्या अर्ध्या भागातच ते वापरावे, कुत्र्याला जमिनीपासून अर्धा फूट उंच फळी द्यावी आणि उघाड मिळताच जागा वाळवावी. वर्षाची मोठी सफाई होळी झाल्यावर सुरू करून मृग लागण्याआधी संपवावी. सफेदी, फटी बुजवणे, माती तापवणे ही सगळी कामे त्याच दिवसांतली.

पिंजऱ्यात पार्व्होने पिल्लू मेले असेल तर मातीच्या तळावर एक वर्ष नवे पिल्लू आणू नये. तळ पक्का करून दोन-तीन वेळा ब्लीचिंग केले असेल तर हा काळ कमी करता येईल, पण येणारे पिल्लू लस पूर्ण झालेलेच असावे. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. एक टोचले म्हणजे झाले असे नाही. लेप्टो आणि रेबीजच्या लसी तसेच जंताचे औषध यांचे वेळापत्रक आपल्या पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे.

कोपरखैरण्याच्या कुटुंबाने माती काढून सिमेंटचा तळ केला, उतार तीन इंचांचा मोजून घेतला आणि पाणी मलवाहिनीला जोडले. तिसरे पिल्लू त्यांनी लस पूर्ण होईपर्यंत पेणला एका नातेवाइकाकडे ठेवले व चार महिन्यांचे झाल्यावर घरी आणले. पिंजऱ्याच्या दाराला एक वही टांगलेली आहे. तीत शनिवारच्या ब्लीचिंगची नोंद तोच मुलगा करतो, पावडरच्या पुड्यावरची तारीखही लिहितो. माझ्याकडे फिनाईलबद्दल मात्र तो पुन्हा विचारणा करीत नाही.